एका बेटाचे दोन संघ : आयर्लंडची फाळणी आणि फुटबॉलपटूचे राष्ट्रीयत्व

१/ २ मार्च २०११. बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर क्रिकेट विश्वचषकाच्या सामन्यात आयर्लंडने इंग्लंडला हरवले. केव्हिन ओब्रायनचे ५० चेंडूंतले शतक अनेकांच्या स्मरणात असेल. त्या संघाची एक बाब मात्र आपल्याकडे फारशी चर्चिली गेली नाही. ओब्रायन डब्लिनचा, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताकातला. कर्णधार विल्यम पोर्टरफील्ड उत्तर आयर्लंडमधला, म्हणजे युनायटेड किंग्डममधला. दोन वेगळ्या राज्यांतली माणसे एकाच ‘आयर्लंड’साठी खेळत होती.

२/ क्रिकेटप्रमाणेच रग्बीमध्येही साऱ्या आयर्लंड बेटाचा एकच संघ उतरतो. फुटबॉलमध्ये मात्र दोन उतरतात : आयर्लंड प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड. मग उत्तरेत जन्मलेल्या, पण स्वतःला आयरिश मानणाऱ्या मुलाने कोणाकडून खेळावे? या प्रश्नाचे एक उत्तर १९५० मध्ये मिळाले आणि त्याच्या नेमके उलट उत्तर २०१० मध्ये. या दोन उत्तरांमधल्या साठ वर्षांचा हा धागा.

३/ आधी थोडा भूगोल. आयर्लंड बेटावर एकूण ३२ काउंटी आहेत. १९२० च्या ब्रिटिश कायद्यानुसार मे १९२१ मध्ये बेटाची फाळणी झाली. ईशान्येकडील ६ काउंटींचे उत्तर आयर्लंड ब्रिटनकडे राहिले. उरलेल्या २६ काउंटींचे १९२२ मध्ये ‘आयरिश फ्री स्टेट’ झाले आणि १९४९ मध्ये पूर्ण प्रजासत्ताक. उत्तरेत प्रोटेस्टंट बहुसंख्य होते. त्यांतील बहुतेकांना ब्रिटनशी जोडलेले राहायचे होते, म्हणून ते युनियनवादी. कॅथलिक अल्पसंख्य होते. त्यांतील बहुतेकांना एकसंध आयर्लंड हवा होता, म्हणून ते राष्ट्रवादी. ही वर्गवारी ढोबळ आहे, पण पुढचे समजून घ्यायला तिची गरज लागेल.

४/ फुटबॉल या बेटावर रुजला तो उत्तरेतून. लिनन गिरण्या आणि जहाजबांधणीच्या गोद्या असलेले बेलफास्ट हे औद्योगिक शहर होते. तिथेच १८८० मध्ये आयरिश फुटबॉल संघटना स्थापन झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये आयर्लंडचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना बेलफास्टलाच झाला आणि इंग्लंडने तो १३-० असा जिंकला. पुढे खेळ दक्षिणेत पसरला, तरी कारभार बेलफास्टच्याच हाती राहिला. खेळाडूंची निवड असो वा सामन्यांची ठिकाणे, सगळीकडे उत्तरेला झुकते माप मिळते, ही डब्लिनच्या क्लबांची जुनी तक्रार होती.

५/ ठिणगी पडली १९२१ मध्ये. आयरिश चषकाच्या उपांत्य सामन्यात डब्लिनचा शेलबर्न आणि उत्तरेचा ग्लेनेव्हॉन हे क्लब बेलफास्टमध्ये खेळले आणि सामना बरोबरीत सुटला. रिवाजाप्रमाणे फेरसामना डब्लिनला व्हायला हवा होता. स्वातंत्र्ययुद्धाचे दिवस होते. संघटनेने असुरक्षिततेचे कारण पुढे केले आणि शेलबर्नला पुन्हा बेलफास्टला येण्यास सांगितले. शेलबर्नने नकार दिला. त्याच वर्षी डब्लिनमध्ये वेगळी फुटबॉल संघटना उभी राहिली. देशाच्या फाळणीपाठोपाठ काही महिन्यांतच फुटबॉलचीही फाळणी झाली.

६/ रग्बीचे असे का झाले नाही? त्याला अनेक कारणे आहेत. त्यांतले एक असे, की रग्बीच्या संघटनेचे ठाणे डब्लिनमध्ये होते. फुटबॉलमध्ये सत्तेचे केंद्र बेलफास्टला होते आणि नव्या राज्याची राजधानी डब्लिनला. नव्या सीमेपलीकडून आपला खेळ चालवला जावा, हे दक्षिणेतील क्लबांना मान्य होण्यासारखे नव्हते. तेव्हा फुटबॉल दुभंगण्यामागे राष्ट्रवादाइतकाच कारभाराच्या वाटणीचा वादही होता.

७/ डब्लिनच्या संघटनेला १९२३ मध्ये फिफाने सदस्यत्व दिले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिच्या संघाने बल्गेरियाला १-० असे नमवले. बेलफास्टची संघटना मात्र इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स यांच्याशी दरवर्षी होणाऱ्या ब्रिटिश स्पर्धेत रमलेली होती. फिफाशी या ब्रिटिश संघटनांचे संबंध तुटत-जुळत राहिले आणि १९४६ मध्ये त्या कायमच्या परतल्या. तोवर दोन्ही आयरिश संघ बहुतांशी वेगवेगळ्या वर्तुळांत खेळत राहिले. दोघेही स्वतःला ‘आयर्लंड’च म्हणवत होते आणि कोणाला त्याची विशेष अडचण भासत नव्हती.

८/ नावाइतकाच खेळाडूंवरचा दावाही दोघांचा होता. फाळणीनंतरही बेलफास्टची संघटना पूर्वीप्रमाणेच साऱ्या बेटावरून खेळाडू निवडत राहिली. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून डब्लिननेही उत्तरेतले खेळाडू घ्यायला सुरुवात केली. परिणामी सुमारे ४० फुटबॉलपटू दोन्ही ‘आयर्लंड’कडून खेळले. आज ऐकायला नवल वाटते, पण त्या काळी ही राजरोस चालणारी गोष्ट होती.

९/ जॉनी कॅरीचे उदाहरण घ्या. मँचेस्टर युनायटेडचा हा कर्णधार मूळचा डब्लिनचा. सप्टेंबर १९४६ मध्ये इंग्लंडचा संघ आयर्लंडला आला. २८ तारखेला बेलफास्टमध्ये कॅरी बेलफास्टच्या ‘आयर्लंड’कडून इंग्लंडविरुद्ध खेळला आणि ७-२ असा हरला. दोनच दिवसांनी, ३० तारखेला, डब्लिनमध्ये तो डब्लिनच्या ‘आयर्लंड’कडून त्याच इंग्लंडविरुद्ध खेळला आणि १-० असा हरला. तीन दिवसांत दोन देश, दोन पोशाख आणि प्रतिस्पर्धी मात्र एकच.

१०/ तीन वर्षांनी, २१ सप्टेंबर १९४९ रोजी, कॅरीच्याच नेतृत्वाखाली डब्लिनच्या संघाने लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर इंग्लंडला २-० असे हरवले. युनायटेड किंग्डमबाहेरच्या संघाने इंग्लंडला इंग्लंडमध्येच हरवण्याची ही पहिली वेळ. हंगेरीचा वेंब्लीवरचा गाजलेला विजय त्यानंतर चार वर्षांनी आला. पहिला गोल पेनल्टीवर करणारा कॉन मार्टिन हादेखील दोन्ही संघांकडून खेळणारा. याच मार्टिनचे नाव पुढच्या वादात पुन्हा येते.

११/ १९५० च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत पहिल्यांदाच दोन्ही आयरिश संघ उतरले. डब्लिनचा संघ स्वीडन व फिनलंडच्या गटात होता. बेलफास्टच्या संघासाठी ब्रिटिश स्पर्धा हीच पात्रता फेरी होती. आणि मग विपरीत घडले : कॉन मार्टिन, डेव्ही वॉल्श, रेज रायन व टॉम अहर्न हे चौघे एकाच विश्वचषकाच्या पात्रता फेरीत दोन वेगवेगळ्या राष्ट्रीय संघांकडून खेळले. चौघेही दक्षिणेत जन्मलेले होते.

१२/ डब्लिनने फिफाकडे हरकत घेतली. ८ मार्च १९५० रोजी वेल्समधील रेक्सम येथे बेलफास्टचा संघ ०-० असा बरोबरीत खेळला. बेटाच्या दोन्ही भागांतील खेळाडू घेऊन उतरलेला तिचा तो शेवटचा संघ ठरला. फिफाने पुढे स्पष्ट केले की प्रत्येक संघटनेने आपापल्या राजकीय सीमेच्या आतल्याच खेळाडूंना निवडावे. काही वर्षांनी नावांचाही निकाल लागला. दोघेही ज्या स्पर्धेत असतील तिथे कोणीच नुसते ‘आयर्लंड’ म्हणवायचे नाही. एक ‘आयर्लंड प्रजासत्ताक’, दुसरा ‘उत्तर आयर्लंड’. बेलफास्टने ब्रिटिश स्पर्धेत जुने नाव १९७० च्या दशकापर्यंत चालवले, ही गोष्ट वेगळी.

१३/ १९५० च्या उत्तराचे सूत्र होते भूमी. जिथे जन्मलास तिथल्या संघाकडून खेळ. उत्तर सुटसुटीत होते, पण ते आयर्लंडच्या नागरिकत्वाच्या कायद्याशी जुळत नव्हते. १९३७ च्या डब्लिनच्या राज्यघटनेने साऱ्या बेटावर राष्ट्राचा हक्क सांगितला होता आणि १९५६ च्या कायद्याने उत्तरेत जन्मलेल्यांनाही आयरिश नागरिकत्वाचा मार्ग मोकळा केला. म्हणजे बेलफास्टमधला माणूस डब्लिनचा पासपोर्ट बाळगू शकत होता. फुटबॉलच्या नकाशावर एक रेघ होती आणि पासपोर्टच्या नकाशावर ती रेघ नव्हती. ही विसंगती चार-पाच दशके दबून राहिली.

१४/ ती दबून राहिली, कारण उत्तरेतील कॅथलिक खेळाडू उत्तर आयर्लंडकडून खेळत होते आणि उत्तम खेळत होते. १९८२ च्या विश्वचषकात या छोट्या संघाने यजमान स्पेनला वॅलेन्सियात १-० असे हरवले. गोल जेरी आर्मस्ट्राँगचा, गोलरक्षक पॅट जेनिंग्ज, कर्णधार मार्टिन ओनील. जेनिंग्ज आणि ओनील दोघेही कॅथलिक. उत्तर आयर्लंडच्या रस्त्यांवर तेव्हा बॉम्ब फुटत होते, गोळीबार होत होता. अशा काळात दोन्ही समाजांतली मुले एका संघात होती आणि दोन्ही समाज त्यांचे सामने पाहत होते. या संघाचे पाठीराखे आजही तो काळ अभिमानाने सांगतात तो यामुळेच.

१५/ पण मैदानाबाहेरची, विशेषतः प्रेक्षागारातली हवा वेगळी होती. बेलफास्टचे विंडसर पार्क प्रोटेस्टंट वस्तीला लागून आहे. सामन्याआधी ब्रिटिश राष्ट्रगीत वाजे, ब्रिटिश झेंडे फडकत, आणि काही गाणी उघड कॅथलिकविरोधी असत. क्लब फुटबॉलचा अनुभव तर आणखी कडू होता. कॅथलिकांचा लाडका क्लब बेलफास्ट सेल्टिक. डिसेंबर १९४८ मध्ये विंडसर पार्कवरच्या सामन्यानंतर जमावाने त्याच्या जिमी जोन्स या खेळाडूवर हल्ला करून त्याचा पाय मोडला. जोन्स स्वतः प्रोटेस्टंट होता. जमावाला त्याच्या अंगावरचा पोशाख पुरेसा होता. त्या हंगामाअखेर बेलफास्ट सेल्टिकने लीग कायमची सोडली.

१६/ डेरी शहराची कहाणी त्याहूनही बोलकी आहे. हे उत्तर आयर्लंडमधले, पण कॅथलिक बहुसंख्य असलेले शहर. त्याच्या नावावरही एकमत नाही : राष्ट्रवादी ‘डेरी’ म्हणतात, युनियनवादी ‘लंडनडेरी’. १९७० च्या दशकारंभी हिंसाचारामुळे डेरी सिटीला स्वतःच्या मैदानावर खेळण्याची मुभा उरली नाही. १९७२ मध्ये त्या क्लबने उत्तरेची लीग सोडली. १९८५ मध्ये तो परतला तो दक्षिणेच्या लीगमध्ये. तेव्हापासून युनायटेड किंग्डममधले हे शहर क्लब फुटबॉल आयर्लंड प्रजासत्ताकात खेळते. तिथल्या मुलाला दर शनिवार-रविवारी डब्लिन जवळचे वाटले, तर आश्चर्य नाही.

१७/ एकत्र येण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. ३ जुलै १९७३ रोजी डब्लिनमध्ये दोन्ही भागांतल्या खेळाडूंचा एक संघ विश्वविजेत्या ब्राझीलशी खेळला. त्यासाठी खटपट करणाऱ्यांत डब्लिनचा जॉनी जाइल्स होता, तसा पूर्व बेलफास्टचा प्रोटेस्टंट डेरेक डूगनही होता. ब्राझीलने सामना ४-३ असा जिंकला. मात्र या संघाला ‘आयर्लंड’ म्हणता आले नाही. बेलफास्टच्या पदाधिकाऱ्यांचा विरोध होता. म्हणून तो ‘शॅमरॉक रोव्हर्स इलेव्हन’ या एका क्लबच्या नावाने उतरला. पोशाख, खेळाडू, प्रेक्षक सगळे होते. नाव तेवढे उसने होते.

१८/ आता १७ नोव्हेंबर १९९३ ची रात्र. विश्वचषकाच्या पात्रतेसाठी दोन्ही आयरिश संघ विंडसर पार्कवर आमनेसामने. काही आठवड्यांपूर्वीच शँकिल रोडवरचा बॉम्बस्फोट आणि ग्रेस्टील गावातला गोळीबार झाला होता. पाहुण्या संघाचे पाठीराखे मैदानात जवळपास नव्हतेच. जिमी क्विनने उत्तर आयर्लंडला आघाडी दिली, मँचेस्टरमध्ये जन्मलेल्या ॲलन मॅकलॉक्लिनने बरोबरी साधली, आणि १-१ वर प्रजासत्ताकाचा संघ अमेरिकेतल्या विश्वचषकाला पात्र ठरला. त्या संघाचा प्रशिक्षक जॅक चार्लटन हा इंग्लंडच्या १९६६ च्या विश्वविजेत्या संघातला इंग्रज.

१९/ त्या रात्री प्रजासत्ताकाच्या बचावफळीत ॲलन कर्नाहन होता. जन्म यॉर्कशरमधला, पण बालपण उत्तर आयर्लंडच्या बँगर गावात गेलेले. तो उत्तर आयर्लंडच्या शालेय संघाकडून खेळला होता. पण बेलफास्टची संघटना तेव्हा खेळाडूचा स्वतःचा किंवा आईवडिलांचा जन्म उत्तरेतला असावा असा आग्रह धरी. कर्नाहनचे फक्त आजी-आजोबा तिथले. ते फाळणीपूर्व आयर्लंडात जन्मलेले असल्याने डब्लिनच्या नियमात मात्र तो बसत होता. म्हणून उत्तरेत वाढलेला हा मुलगा दक्षिणेकडून खेळला आणि विंडसर पार्कने त्याची हुर्यो उडवली. भूमीचे सूत्र किती तोकडे असू शकते, हे यातून दिसते.

२०/ १० एप्रिल १९९८ रोजी बेलफास्टमध्ये शांतता करार झाला. तोच ‘गुड फ्रायडे करार’. त्यातले एक कलम आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. उत्तर आयर्लंडच्या लोकांना स्वतःला आयरिश, ब्रिटिश अथवा दोन्ही म्हणवण्याचा जन्मसिद्ध हक्क आहे आणि दोन्ही नागरिकत्वे बाळगण्याचाही हक्क आहे, हे लंडन आणि डब्लिन या दोन्ही सरकारांनी मान्य केले. बदल्यात डब्लिनने उत्तरेच्या भूमीवरचा घटनेतला दावा मागे घेतला आणि त्या जागी तिथल्या माणसांचा हक्क लिहिला. भूमीवरून माणसाकडे झालेले हे स्थलांतर लक्षात ठेवा. पुढचा निकाल त्यावरच उभा आहे.

२१/ करार झाला, तरी मने एका रात्रीत बदलत नाहीत. नील लेनन हा लर्गनचा कॅथलिक खेळाडू. स्कॉटलंडमधील सेल्टिक या कॅथलिक परंपरेच्या क्लबमध्ये गेल्यावर विंडसर पार्कवर स्वतःच्याच संघाच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. ऑगस्ट २००२ मध्ये सायप्रसविरुद्ध तो उत्तर आयर्लंडचे नेतृत्व करणार होता. सामन्याआधी त्याला जिवे मारण्याची धमकी आली. लेनन खेळला नाही आणि पुन्हा कधीही उत्तर आयर्लंडकडून उतरला नाही.

२२/ त्यानंतरच्या वर्षांत उत्तरेतील काही तरुण डब्लिनकडे वळू लागले. डेरीचा डॅरन गिब्सन उत्तर आयर्लंडच्या वयोगट संघांत खेळला होता. २००७ मध्ये तो प्रजासत्ताकाच्या मुख्य संघात आला. बेलफास्टच्या संघटनेने आक्षेप घेतला : गिब्सनचा जन्म दक्षिणेतला नाही, मग तो दक्षिणेकडून कसा? इथे फिफाचे नियम समजून घ्यायला हवेत, कारण सगळा वाद दोन कलमांच्या अर्थाभोवती फिरला.

२३/ सर्वसाधारण नियम असा : ज्या देशाचे कायमस्वरूपी, केवळ निवासावर अवलंबून नसलेले नागरिकत्व आहे, त्या देशाकडून खेळता येते. पण ब्रिटनचा पेच निराळा. नागरिकत्व एक, संघ चार : इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड. म्हणून अशा सामायिक नागरिकत्वासाठी वेगळे कलम आहे. तिथे नुसता पासपोर्ट पुरत नाही. त्या संघाच्या भूमीत स्वतःचा, आईवडिलांचा किंवा आजी-आजोबांचा जन्म, अथवा ठरावीक काळ वास्तव्य लागते. बेलफास्टचे म्हणणे होते की हीच अट डब्लिनकडून खेळू पाहणाऱ्या उत्तरेतल्या मुलांनाही लागू व्हावी.

२४/ भारतीय वाचकाला हा पेच नवखा वाटेल, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्वच नाही. पुणे एफसीकडून खेळलेल्या इझुमी अराताचे वडील भारतीय वंशाचे. पण भारताकडून खेळण्यासाठी त्याला आधी जपानी नागरिकत्व सोडावे लागले. गोव्यातल्या ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व स्वीकारले, त्यांचेही भारतीय नागरिकत्व संपते. आपल्या कायद्यात माणूस एका वेळी एकाच देशाचा. उत्तर आयर्लंडमध्ये कायदाच सांगतो की तू दोन्हीकडचा असू शकतोस.

२५/ कसोटी ठरला तो बेलफास्टमध्ये जन्मलेला डॅनियल कर्न्स. उत्तर आयर्लंडच्या वयोगट संघांकडून खेळलेला हा तरुण २०१० मध्ये डब्लिनकडे गेला. फिफाने परवानगी दिली. बेलफास्टची संघटना स्वित्झर्लंडमधील लोझान येथील आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली. जुलै २०१० मध्ये सुनावणी झाली आणि बेलफास्टचे अपील फेटाळले गेले.

२६/ लवादाचे तर्कशास्त्र सरळ होते. वेगळे कलम लागू होते ते एकच नागरिकत्व अनेक संघांचे दार उघडत असेल तेव्हा. ब्रिटिश नागरिकत्व तसे आहे. आयरिश नागरिकत्व मात्र एकाच संघाचे, डब्लिनच्या संघाचे दार उघडते. म्हणून कर्न्सला सर्वसाधारण नियमच लागू. तो आयरिश नागरिक आहे, तेव्हा तो प्रजासत्ताकाकडून खेळू शकतो. १९५० मध्ये फिफाने विचारले होते, तू कुठे जन्मलास? २०१० मध्ये प्रश्न होता, तू कोणत्या देशाचा नागरिक आहेस? कर्न्स स्वतः पुढे प्रजासत्ताकाच्या मुख्य संघात कधी पोहोचला नाही. पण त्याच्या नावाच्या निकालाने बाकीच्यांची वाट मोकळी झाली.

२७/ बेलफास्टची बाजूही न्याय्य मनाने ऐकायला हवी. हे दार एकाच बाजूने उघडते. उत्तरेतला आयरिश नागरिक दक्षिणेकडून खेळू शकतो, पण दक्षिणेत जन्मलेल्या, उत्तरेत आजी-आजोबाही नसलेल्या मुलाला उत्तर आयर्लंडकडून खेळण्याचा मार्ग जवळपास नाही. उत्तर आयर्लंडची लोकसंख्या २०११ मध्ये अवघी १८ लाख. त्यातून खेळाडू हेरायचे, घडवायचे आणि ऐन वेळी गमवायचे. शिवाय याच काळात ही संघटना मैदानावरची धर्मद्वेषाची गाणी बंद पाडण्यासाठी ‘सर्वांसाठी फुटबॉल’ ही मोहीम चालवत होती. कॅथलिक मुले निघून गेली तर हा संघ एकाच समाजाचा होईल आणि १९८२ च्या संघाचा वारसा संपेल, ही भीती निराधार म्हणता येणार नाही.

२८/ दुसरी बाजू जेम्स मॅक्लीनची. जन्म १९८९, डेरीच्या क्रेगन वस्तीतला. ३० जानेवारी १९७२ रोजी याच शहरात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्च्यावर गोळ्या झाडल्या आणि त्या दिवशी १३ जण मरण पावले. मृतांपैकी अनेक जण क्रेगनचे होते. मॅक्लीन उत्तर आयर्लंडच्या २१ वर्षांखालील संघाकडून खेळला, पण तिथले झेंडे आणि राष्ट्रगीत त्याला आपले वाटले नाहीत. २०१२ मध्ये तो प्रजासत्ताकाकडून उतरला आणि पुढे शंभरहून अधिक सामने खेळला. ब्रिटिश सैनिकांच्या स्मरणार्थ नोव्हेंबरमध्ये पोशाखावर लावले जाणारे खसखशीचे फूल त्याने लावले नाही. इंग्लंडच्या मैदानांवर त्याची किंमत तो वर्षानुवर्षे शिव्याशापांत मोजत राहिला.

२९/ तरीही ‘कॅथलिक म्हणजे दक्षिण’ असे समीकरण मांडणे चूक ठरेल. निकालानंतरही राष्ट्रवादी घरांतले अनेक खेळाडू उत्तर आयर्लंडकडेच राहिले. २०१६ च्या युरो स्पर्धेत दोन्ही आयरिश संघ पात्र ठरले आणि दोघांनीही बाद फेरी गाठली. उत्तर आयर्लंडचा प्रशिक्षक होता मायकेल ओनील. प्रजासत्ताकाचा प्रशिक्षक होता मार्टिन ओनील, १९८२ मध्ये वॅलेन्सियात उत्तर आयर्लंडचे नेतृत्व केलेला तोच कर्णधार. सीमा ओलांडून तो गेला आणि त्यावरून फारसे रणकंदन झाले नाही.

३०/ या साठ वर्षांतून दिसते ते असे. १९९८ च्या करारातल्या त्या कलमाचे बळ ‘अथवा दोन्ही’ या दोन शब्दांत आहे. तू नक्की कोण, हा प्रश्न सुटत नव्हता. म्हणून तो कायमचा सोडवण्याचा हट्ट दोन्ही सरकारांनी सोडला आणि उत्तर माणसावर सोपवले. त्यामुळे हजारो लोक खिशात दोन पासपोर्ट घेऊन निर्धास्त जगू शकतात. फुटबॉलला ही सवलत देता येत नाही. मैदानात उतरताना अंगावर एकच पोशाख असतो.

३१/ कॅरीला तीन दिवसांत दोन्ही पोशाख घालता आले, कारण तेव्हा नियम ढिले होते. ते स्वातंत्र्य १९५० ला संपले आणि निवड भूमीने केली. २०१० ला निवड पुन्हा माणसाकडे आली, पण आता ती एकच आणि बहुधा अखेरची. २०२० मध्ये फिफाने संघ बदलण्याचे नियम थोडे सैल केले, इतकेच. ज्या प्रश्नाचे उत्तर दोन सरकारांनी जाणीवपूर्वक खुले ठेवले, त्याचे उत्तर डेरीतल्या किंवा बेलफास्टमधल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला द्यावे लागते, तेही जाहीरपणे, आणि दोन्हीकडचे प्रेक्षक ते लक्षात ठेवतात. त्याने काहीही निवडले तरी त्याला फितूर म्हणण्याआधी हा इतिहास आठवावा.

धागा समाप्त. रग्बी आणि क्रिकेट एकत्र कसे राहिले, त्यांच्या संघापुढे राष्ट्रगीत कोणते वाजते, हा स्वतंत्र विषय आहे. त्याविषयी पुन्हा केव्हा तरी. शंका आणि मतभेद अवश्य लिहावेत.